ताज्या रंगाची बोट

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान कोंडाजी पगारे, जगात एकाच गोष्टीला भीत असत. ती म्हणजे ताजा रंग. घरात साप निघाला तर काठी घेऊन पुढे होणारा हा माणूस, पण भिंतीला, बाकाला, टांग्याला नवा रंग दिसला की चार पावलं मागे सरायचा. कुणाला वाटेल, लहानपणी रंगाचा डबा अंगावर सांडला असेल. तसं काही नव्हतं. भाऊजी जन्मभर रंगारीच होते. देवळाली कॅम्पातल्या एका ठेकेदाराकडे त्यांनी मिसरूड फुटायच्या आधी ब्रश हातात धरला आणि पुढे तिथेच रंगाऱ्यांचे मुकादम झाले.

ठेकेदाराचं काम दोन तऱ्हेचं असे. उन्हाळ्यात मुंबईचे शेटलोक हवा खायला आपापल्या बंगल्यांवर यायचे, त्याआधी बंगले उजळायचे. आणि थंडीत कॅम्पात बड्या साहेबाची पाहणी असली की रस्त्याकडेच्या झाडांना, दगडांना, कुंपणाला गेरू आणि चुना लावायचा. बंगल्याची भिंत फुटली असेल तर गवंडी बोलवावा, हे कुणीही सांगेल. पण गवंडी ठेकेदाराला परवडत नसे. मग भेगेत खडू-तेलाची लांबी भरायची, ती वाळली की पॉलिशपेपरने घासायची, वरून रंगाचे दोन हात. शेटचा मुक्काम हलेपर्यंत भिंत उभी राहिली म्हणजे सगळ्यांचं भागलं. एका पाहणीला तर भाऊजींच्या माणसांनी वाळून खराटा झालेल्या झाडालाही पट्टे मारले होते, आणि रांगेतलं सगळ्यात देखणं झाड म्हणून साहेबांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं, असं भाऊजी सांगत. सांगताना हसत मात्र नसत.

एवढी वर्षं लोकांच्या भेगा झाकल्यावर माणसाचं मत काय होणार? नवा रंग दिसला की खाली काहीतरी दडवलंय, हे त्यांचं ठाम मत झालं होतं. मी नाशिक रोडला नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणायचे. "मास्तरीणबाई, चांगल्या भितीला कोन रंग देतो?" हा त्यांचा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की झोपेत कुणी विचारलं तरी मी मान हलवीन.

काम सुरू करण्याआधी भिंत बोटांच्या पेरांनी ठोकून, कान लावून ऐकायची त्यांची पद्धत होती. पोकळ कुठे, भरीव कुठे, ते त्यांना आवाजावरून कळे. पण ही सवय कॅम्पातच ठेवून घरी यावं की नाही? कलिंगड ठोकायचे, ते ठीक. पाट ठोकायचे, पाहुण्याची ट्रंक ठोकायचे, एस.टी.ची गाडी ठोकायचे. स्टँडवर वर्कशॉपातून नुकतीच आलेली लालचुटूक गाडी उभी असली, तर ती सोडून द्यायचे आणि मागून येणाऱ्या खडखडणाऱ्या गाडीत आम्हाला कोंबायचे. अशाने आम्ही किती लग्नांना अक्षता, म्हणजे आमच्यात फुलं, पडून गेल्यावर पोचलो ते विचारू नका.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या, लताच्या, लग्नातही हेच. चांदवडकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा तलाठ्याच्या हाताखाली, घरात दोन म्हशी. पाहुणे येणार म्हणून त्या बिचाऱ्यांनी घराला हौसेने चुना दिला होता. भाऊजींनी ओसरीवर बसल्या बसल्या नखाने भिंत खरवडली, पोपडा निघाला, तसे ते उठले आणि चहा न घेता घरी आले. लताला शेवटी दिली ती पोपडे लोंबणाऱ्या घरात. इथं काही झाकलेलं नाही, असं म्हणून भाऊजी खूश झाले. पुढे लता माहेरी आली की सांगायची, आबा, त्यांनी काही झाकलं नाही हे खरं, पण ती माणसं पुढे दहा वर्षं काही झाकायच्या विचारातही नाहीत.

आता माझी आक्का. तिचं नाव सुलाबाई. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, शिकवलं, आणि नोकरी लागली तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. अशा नवऱ्याशी तिने कधी वाद घातल्याचं मला आठवत नाही. रंगाऱ्याच्या घराला रंग नाही म्हणून शेजारणी हसायच्या, तर तीही त्यांच्यात मिसळून हसायची. मला मात्र राग यायचा. आमच्या घरातला रागाचा सगळा वाटा बहुधा माझ्याच वाट्याला आला असावा.

आक्काने आयुष्यात एकच गोष्ट मागितली. आम्ही सहा डिसेंबरला दादरला जायचो. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट असेल. चैत्यभूमीवरून रांगेतून बाहेर पडलो, भाकरीचं फडकं सोडून वाळूत बसलो, तेव्हा लांब पाण्यावर एक बोट चालली होती. आक्का भाकरी हातात धरून ती बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. भाऊजी त्या वेळी जवळच्या कठड्याचा रंग तपासत होते. परत आल्यावर तिने बाजारातल्या शौकतभाईला विचारलं. शौकतभाईचं कॅम्पात सायकलचं दुकान होतं आणि त्याचा मेहुणा मुंबईला गोदीत होता. त्याने सांगितलं, भाऊच्या धक्क्यावरून गोव्याची बोट सुटते, गोरगरीब डेकवर सतरंजी टाकून जातात, एक दिवस आणि एक रात्र सगळा समुद्र.

मी म्हटलं, आक्का, गोव्याला काय आहे तुझं? ती म्हणाली, "गोवा कुनाला बघायचाय? आपलं मानूस समोर भित असली की भितीकडंच बघतं. पान्याला काय रंग देता येत नाय. तिथं तरी हे माझ्याशेजारी नुस्ते बसतील." एवढीच तिची मागणी होती. बोटीचीही नव्हती, शेजारी नुसतं बसणाऱ्या नवऱ्याची होती.

भाऊजी लगेच नाही म्हणाले नाहीत. तेवढे ते बेरकी होते. आधी म्हणाले, ती बोट फार जुनी आहे असं ऐकतो. मग एका वर्षी शौकतभाई बातमी घेऊन आला, की बोट गोदीत घातली आहे, इंजिन खोललंय, डेकच्या फळ्या बदलताहेत, खालपासून वरपर्यंत रंग चालला आहे, पावसाळा संपला की नव्या नवरीसारखी निघेल. पहिल्याच खेपेचं तिकीट काढून देतो, गर्दीच्या आधी. आक्काचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता ठरलंच. भाऊजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, इतकं सगळं बदलायची पाळी का आली?

भाऊजींचं म्हणणं असं, की डागडुजीनंतरच्या पहिल्या खेपेचे उतारू म्हणजे चाचणीचे उंदीर. कारागिराचं काय चुकलं, ते त्यांच्या जिवावर कळतं. मी म्हटलं, मग दुसऱ्या खेपेला जा. तर म्हणाले, पहिल्या खेपेत जे चुकलेलं कळेल, ते झाकायला दुसऱ्या खेपेआधी पुन्हा रंग लावतील. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी जा. तर खाऱ्या पाण्यात वर्षभर राहिलेल्या पत्र्याचं काय होतं, ते त्यांनी मला जेवण होईपर्यंत समजावून सांगितलं.

तर असा हिशेब होता. पावसाळ्यात बोट बंद. दिवाळीच्या सुमाराला ती गोदीतून रंग लावून निघे, म्हणून तेव्हा जायचं नाही. उन्हाळ्यात तिला गंज चढलेला असे, म्हणून तेव्हाही नाही. मधल्या थंडीत ती ना नवी ना जुनी असायची, पण तेव्हा कॅम्पात साहेबाची पाहणी. बारा महिन्यांत त्या बोटीला एकही मुहूर्त नव्हता. लग्नाच्या मुलीच्या पत्रिकेत इतके दोष नसतात.

आक्काने मात्र विषय सोडला नाही. दर दिवाळीला फराळाचं ताट पुढे करताना हळूच विचारायची, बोटीचं काय ठरलं. एकदा तिने इतक्या गरिबीने विचारलं, की भाऊजींनाही कसंसं झालं असावं. ते म्हणाले, मी स्वतः बघून येतो. आणि खरोखर गेले. धुतलेलं धोतर नेसून, पॅसेंजरने, भाऊच्या धक्क्यावर. शौकतभाईच्या मेहुण्याने त्यांना बोटीवर चढवलं. तिथे त्यांनी काय केलं ते आम्हाला नंतर त्या मेहुण्याकडून कळलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते पेरांनी बोट ठोकत आणि कान लावत गेले. एका खलाशाला वाटलं, आत कुणीतरी अडकलंय. कठड्याचा रंग नखाने खरवडताना दुसऱ्याने त्यांना हटकलं, तेव्हा ते त्यालाच लांबी कुठे कुठे भरली आहे ते विचारू लागले. भोंगा वाजून बोट सुटायची वेळ झाली तेव्हा त्यांना हाताला धरून खाली उतरवावं लागलं.

घरी आले. आक्काने पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. दोन घास पोटात गेल्यावर म्हणाले, "काय बी सापडलं नाय." आक्का भाकरी थापता थापता थांबली. मला तर वाटलं, आताच उठून सतरंजी बांधावी. मग भाऊजींनी तिसरा घास घेतला आणि म्हणाले, "म्हंजे त्यो रंगारी माझ्यापरीस हुशार हाय." आणि बोटीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्ही बसा इथं भिंती ठोकत, मी नेते माझ्या बहिणीला. भाऊजी म्हणाले, न्या. आक्का मात्र तयार होईना. तिला माझ्याबरोबर जायचंच नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि ते मनाला लागलंही होतं. पण त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत, काय तिच्या मनात आलं कोण जाणे, एक दिवस स्वतःच म्हणाली, चल जाऊ. आम्ही दोघी गेलो. डेकवर सतरंजी टाकली, शेजारी रत्नागिरीकडचं एक कुटुंब नारळ आणि कोंबड्या घेऊन बसलं होतं. लाटा, वारा, मधल्या बंदरांवर होड्यांतून चढणारी माणसं, संध्याकाळी काळा होत गेलेला किनारा. बोट उत्तम होती. पाण्याचा एक थेंब कुठे आत आला नाही. आक्का कठड्याला टेकून बसली आणि मी काही विचारलं तर हूं म्हणायची. मला वाटलं, हिला समुद्र लागला.

परत आलो तर भाऊजी दारातच उभे. कशा आहात नाही, जेवलात का नाही. पहिला प्रश्न, बोट गळली का?

मी तोंड उघडणार, तोच आक्का म्हणाली, "गळली. खालच्या डेकला जिन्यामागं. थेंब थेंब. खलाशानं डबा ठिवला व्हता."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. ही बाई जन्मात कधी शेजारणीला घरात साखर नाही असंही बनवून सांगू शकली नाही. आणि आता जिना काय, डबा काय, थेंब काय. भाऊजी मात्र असे फुलले की सांगता सोय नाही. तिला हाताला धरून बसवलं, चुलीवर स्वतः चहा ठेवला. जिन्याच्या कुठल्या अंगाला, थेंब गंजाचा लाल होता की स्वच्छ, डबा किती भरला होता, सगळं खोदून खोदून विचारलं. आक्का पदराने तोंड पुसत एकेक उत्तर देत गेली. डबा अर्धा भरला होता म्हणे.

आतल्या खोलीत मी तिला धारेवर धरलं. नवऱ्याला खरं ठरवण्यासाठी इतकं? कुणी एवढंही नमू नये. ती नुसती हसली आणि म्हणाली, थोडं थांब.

चहा पिऊन झाल्यावर भाऊजींनी जाहीर केलं, की पुढच्या साली ते स्वतः आक्काला घेऊन बोटीने जाणार. मला वाटलं माझे कान वाजले. पण त्यांचा विचार पक्का होता. म्हणाले, "आता भ्या नाय. खोट कुठं हाय ते कळलं. ज्याची खोट ठावं, त्याच्यावर इसंबावं. आपुन जिन्यापासून लांब बसायचं." मी आक्काकडे बघितलं. ती सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती, जणू या घरात काही घडलंच नव्हतं. इतकी वर्षं मी तिला भोळी समजत आले होते, आणि शाळेत चाळीस पोरांना माणूस ओळखायला शिकवत होते.

ते वर्ष आक्काचं फार सुखात गेलं. शौकतभाईला सांगून ठेवलं, दिवाळीनंतरची तिकिटं आली. भाऊजींनी ठेकेदाराकडे रजा मागितली, जी त्यांनी कधी मागितली नव्हती, त्यामुळे ठेकेदाराला ते आजारी आहेत असं वाटलं. आक्काने नवी सतरंजी घेतली. लता सासरहून शेव-चिवडा पाठवणार होती.

निघायच्या थोडे दिवस आधी शौकतभाई सायकलवरून उतरला तो हसतच. आनंदाची बातमी आणली होती त्याने, बिचाऱ्याने. मेहुण्याचा निरोप होता, की यंदा बोट परत गोदीत घेऊन सगळी नवी केली. खालचा डेक तर ओळखू येत नाही. नवे पत्रे, नवे दिवे, नवा रंग, पहिलीच खेप आपली. मुकादम, तुमचं नशीब म्हणायचं, असं म्हणून तो चहाची वाट बघत बसला.

भाऊजींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, तिकिटं परत करा. शौकतभाईला वाटलं, चेष्टा चालली आहे. भाऊजी म्हणाले, चेष्टा नव्हं. इतके दिवस गळती जिन्यामागे होती. आता ती झाकली. आता ती कुठून निघेल कोण सांगणार? ठाऊक असलेली खोट यांनी घालवली, आता काय भरवशावर पाण्यावर बसायचं? बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, आणि ते बसल्या जागची जमीनच पेरांनी ठोकायला लागले. हा माणूस हट्टी नव्हता, तो खरोखर घाबरलेला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. जन्मभर दुसऱ्यांच्या भेगा बुजवून त्याच्या पायाखालची सगळीच जमीन पोकळ झाली होती.

आक्काने सूप खाली ठेवलं. मी तिला कधी असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"गळत नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"बोट. गळत नव्हती. मी बनवून सांगितलं. जिन्यामागं काय नव्हतं, डबा नव्हता, काय नव्हतं."

शौकतभाईने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मला वाटलं, आता हे ओरडतील किंवा उठून जातील. उठून गेले तर आक्काची बोट कायमची गेली, हे तिलाही कळत होतं. शेवटी त्यांनी अगदी हळू विचारलं, "मंग बोट कशी व्हती?"

"चांगली व्हती," आक्का म्हणाली. "सतरंजी पसरली तर निम्मी मोकळी ठिवली मी. हिला म्हनलं तिथं वारं लागतं, तू इकडं सरक. रातभर ती निम्मी तशीच व्हती. तेवढं सोडलं तर बोटीत काय बी खोट नव्हती."

मला आठवलं. मला तिने खरंच सरकवलं होतं, आणि मी रागावून पाठ करून झोपले होते.

भाऊजींचा हात सवयीने चौकटीकडे गेला, पेरांनी ठोकणार, तसा मध्येच थांबला. त्यांनी तो हात खाली घेतला, धोतराला पुसला. मग शौकतभाईकडे न बघता म्हणाले, "तिकिटं ऱ्हाऊ द्या. तेवढी जागा बघून यायला पायजे."

ती दोघं गेली. मी देवळाली स्टेशनवर पोचवायला गेले होते. गाडीत बसताना भाऊजींच्या कपाळावर घाम होता आणि आक्का त्यांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेत होती. बोटीवर काय झालं, ते मला ठाऊक नाही. मी त्या खेपेला नव्हते, आणि नसले ते बरंच झालं.

परत आले तेव्हा आक्काचा चेहरा उन्हाने काळवंडला होता आणि ती शेजारणींना गोव्याचे काजू वाटत हिंडत होती. भाऊजी ओट्यावर वहाणा काढून बसले. मला तर राहवेना. इतकी वर्षं ज्याच्यापायी घर वेठीला धरलं, त्याचा निकाल तरी ऐकावा. मी विचारलं, काय भाऊजी, रंग कसा होता बोटीचा? लांबी कुठे भरली होती?

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आत आक्काकडे. बराच वेळ आठवत राहिले. शेवटी ओशाळून म्हणाले, "बघायचा राह्यला, मास्तरीणबाई."